अवकाशातला एक दिवस

सुलेखा ही आमच्या गावची लेक. वारणेच्या काठाला आंबेखिंड म्हणून गाव आहे, तिथल्या आबा सूर्यवंशींची ती थोरली. आता ती सिंगापुरात तोआ पायोहला राहते. बाराव्या मजल्यावर फ्लॅट, खाली बाजार, बाजाराला लागून खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर. तिथल्या मासेवाल्या चिनी बाया तिला लांबून ओळखतात, कारण मासा शिळा निघाला तर ही बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा येते आणि काही न बोलता नुसती समोर उभी राहते, हे त्यांना ठाऊक आहे.

तिचा राग शेणीच्या विस्तवासारखा. भडका नाही. पण एकदा धरला की राखेखाली धगधगत राहतो, आणि सकाळी कुणी हात घातला तर चटका बसतोच.

हा राग गावाने पहिल्यांदा पाहिला तो एकोणऐंशी साली. आमचे जावई दीनानाथराव तेव्हा बोटींच्या एका कंपनीत हिशेब बघायला सिंगापूरला गेले होते, आणि सुलेखा मुलाला, सारंगला, घेऊन माहेरी राहत होती. त्या जुलैत बातमी आली की आभाळातून स्कायलॅब पडणार. कुठे पडेल ते कुणालाच सांगता येईना. आंबेखिंडीचं डोकं फिरलं. लोकांनी अंड्यावरच्या कोंबड्या कापल्या, बियाण्याच्या शेंगा भाजून खाल्ल्या, पोरांना शाळेत धाडायचं बंद केलं. सारंग अकरा वर्षांचा होता. तो दोन दिवस घोंगडीखालून बाहेर येईना.

सुलेखाने शाळेतून वर्तमानपत्र मागून आणलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मग ती पोराशेजारी बसली. म्हणाली, अरे, हे अवकाश स्थानक आहे. त्यात माणसं राहून आली, जेवून आली, झोपून आली. माणसं उठून गेली म्हणून रिकामं पडलेलं घर आहे ते. रिकाम्या घराला काय भ्यायचं?

सारंग घोंगडीतून बाहेर आला आणि त्याने भाकरी खाल्ली. पारावरच्या लोकांनी मात्र तिला स्कायलॅबबाई म्हणायला सुरुवात केली. ती पारासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भ्यालात याचा मला राग नाही. न वाचता भ्यालात, याचा आहे." बाईमाणसाने पारासमोर उभं राहून असं बोलायची गावाला सवय नव्हती. पुढे ते घर कुठे समुद्रात नि ऑस्ट्रेलियात पडलं. कोंबड्या काही परत आल्या नाहीत.

तेव्हापासून अवकाश हा शब्द तिने स्वतःचा करून घेतला. कुणी वर गेलं की ती वाचायची, कुणी खाली आलं की देवापुढे साखर ठेवायची. पुढच्या वर्षी ती सिंगापूरला गेली. तिथे मराठी वर्तमानपत्र मिळेना, तर गावाकडून पापडांच्या डब्यात गुंडाळून येणारे जुने अंक ती सरळ करून वाचायची. बाजारापुरतं इंग्रजी शिकली, थोडं मलाय शिकली, पण घर मराठीचं ठेवलं.

सारंग मोठा झाला, बँकेत लागला. त्याची बायको क्षिप्रा पुण्याची, हिशेबतपासनीस. दोघं ईस्ट कोस्टला समुद्राजवळच्या कॉन्डोत, म्हणजे महागड्या खासगी इमारतीत, राहतात. त्यांची मुलगी मैत्रेयी. तिची शाळा तोआ पायोहला, म्हणून शाळा सुटली की ती आजीकडे यायची आणि क्षिप्रा किंवा सारंग संध्याकाळी तिला घेऊन जायचे. आजी आणि नात यांची दुपार अशी वर्षानुवर्षं मराठीत चालली होती.

आता तिथला रिवाज सांगायला हवा. सिंगापुरात प्रत्येक मुलाला शाळेत इंग्रजीबरोबर मातृभाषा शिकावी लागते. पण कुठल्या मातृभाषा शिकता येतात ते ठरलेलं आहे, आणि त्यांत मराठी नाही. म्हणून मराठी घरांतली बरीच मुलं हिंदी घेतात. मैत्रेयीनेही घेतली. सुलेखाला हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. ती म्हणायची, पोरीची आई मराठी, बाप मराठी, आणि मातृभाषा हिंदी. मग यातली मातृ ती कोण? हिंदीवर तिचा राग नव्हता. दुसऱ्याच्या आईला मावशी म्हणायला ती तयार होती. आई म्हणायला लावलं, एवढंच तिला सहन होत नव्हतं.

दोन हजार सात साली मैत्रेयी सहावीत होती. तिथे सहावीला मोठी परीक्षा असते, आणि तिच्या गुणांवर पुढची शाळा ठरते. त्या वर्षी घरांतली माणसं हळू बोलतात. मैत्रेयी दर शनिवारी एका हिंदी केंद्रात शिकवणीला जायची.

ऑगस्टच्या नऊ तारखेला तिथला राष्ट्रीय दिन असतो. सगळ्यांना सुट्टी. मैत्रेयी आदल्या दिवशीच आजीकडे राहायला आली होती. सकाळी गॅलरीत ओळीने लाल-पांढरे झेंडे लटकत होते, आणि टीव्हीवर अमेरिकेतून एक यान सुटत होतं. सात माणसं अवकाश स्थानकाकडे निघाली होती. त्यांतली एक बाई पूर्वी शाळेत शिकवायची, हे ऐकून सुलेखाला फार बरं वाटलं. चार वर्षांपूर्वी अशीच सात माणसं गेली होती आणि परत येताना आभाळातच संपली होती. म्हणून यान दिसेनासं होईपर्यंत तिने हात जोडलेले सोडले नाहीत. मैत्रेयीने तिच्याकडे बघून आपलेही जोडले.

मग दिवसभर दोघींना दुसरा विषय नव्हता. तिथे झोपायचं तर पिशवीत शिरून भिंतीला बांधून घ्यायचं. पाणी सांडलं तर खाली पडत नाही, गोळी होऊन तरंगतं. सूर्य एका दिवसात सोळा वेळा उगवतो. मैत्रेयीने विचारलं, मग देवाला दिवा किती वेळा लावायचा? आजी बराच वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, तिथे दिवा पेटवू देत नसतील, नुसता नमस्कार करायचा. पोरगी हसून हसून जमिनीवर लोळली.

हे सगळं बोलणं मराठीत झालं, आणि त्यात अवकाश हा शब्द किती वेळा आला असेल ते कोण मोजणार.

दोन दिवसांनी शनिवार आला. हिंदी केंद्रातल्या मिश्रा मॅडम कानपूरच्या, कामाला चोख. मुलं सुट्टी उपभोगून आली आहेत, तेव्हा सुट्टीवरच लिहायला सांगू, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला: अवकाश का एक दिन.

हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. वर्गातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. मैत्रेयीला मात्र फळ्यावर आजीचा शब्द दिसला. अवकाशातला एक दिवस. तिला वाटलं, मॅडमनीही ते यान बघितलं असणार. तिने मान खाली घातली आणि ती लिहीत सुटली. सात जण भिंतीला बांधून झोपले, पाण्याच्या गोळ्या तोंडाने पकडून प्यायले, सोळा वेळा सूर्याला नमस्कार केला. एवढं लांब हिंदी तिने आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

मॅडमनी निबंध तपासले आणि हा एक वर्गाला वाचून दाखवला. अवकाशयान म्हणजे त्यांच्या भाषेत सुट्टीची गाडी, आणि अवकाशयात्री म्हणजे सुट्टीवर निघालेली माणसं. सुट्टीची गाडी सुट्टीच्या स्थानकावर पोचली, तिथे सुट्टीवाले भिंतीला बांधून झोपले. वर्ग हसून बेजार झाला. मॅडमही हसल्या. मग त्यांनी सांगितलं की हा विषयच नव्हे, आणि शून्य दिलं. शिकवणी सुटल्यावर पोरं तिला छुट्टी म्हणून हाका मारू लागली.

रविवारी सगळे तोआ पायोहला जेवायला जमले. क्षिप्रा काही वाईट सून नव्हे. पण ती घाबरली होती, आणि घाबरलेलं माणूस नियम करतं. ती म्हणाली, "आई, तुमचं मराठी तिच्या हिंदीत शिरतं. परीक्षा होईपर्यंत तिच्याशी मराठी बोलू नका. हिंदी बोला, नाहीतर इंग्रजी."

सुलेखाने हातातली पळी खाली ठेवली. ती सुनेला काही बोलली नाही. मुलाकडे वळून तिने विचारलं, "सारंग, घोंगडीखाली होतास तेव्हा तुला कुठल्या भाषेत बाहेर काढला होता?"

सारंग ताटाकडे बघत राहिला. म्हणाला, आई, दीड महिन्याचा प्रश्न आहे, जाऊ दे ना. दीनानाथरावांनी आयुष्यभर दोन्ही बाजू जुळवल्या, तशा त्या दिवशीही जुळवायला गेले. म्हणाले, पोरीच्या भल्याचंच आहे. मैत्रेयी खाली मान घालून बसली होती. आजीने तिला विचारलं, तुला काय वाटतं? पोरगी हळूच, तिथली पोरं वाक्याला लाह जोडतात तशा इंग्रजीत म्हणाली, "आजी, युअर मराठी मेक्स मी लुक स्टुपिड, लाह."

सुलेखाला एवढं इंग्रजी कळत होतं.

तो आठवडा त्या फ्लॅटने कधी पाहिला नव्हता असा गेला. पोरगी यायची, बूट काढायची, टेबलाशी बसायची. आजीचं इंग्रजी बाजारातलं. किती, फार महाग, कमी कर, ताजा आहे का. त्या इंग्रजीत लेकराला डोळे का लाल झालेत ते कसं विचारायचं? हिंदीत ती खाना खाएगी का म्हणायची आणि पोरगी यस म्हणायची, की संपलं. सासुरवाशिणीसारखी ती स्वतःच्या स्वयंपाकघरात शब्द मोजून वावरू लागली. आणि टीव्हीवर रोज बातमी होती की वर गेलेल्या यानाच्या पोटाला, उष्णतेपासून राखणाऱ्या फरशीला, खोक पडली आहे. उतरताना काय होईल याचा विचार चालला आहे. बातमी लागली की मैत्रेयी आजीकडे बघायची. तिला विचारायचं असायचं. विचारायला परवानगी नव्हती.

शुक्रवारपर्यंत राखेखालचा विस्तव पुरता धरला होता.

शनिवारी सुलेखाने इरकली नेसली. दीनानाथरावांनी विचारलं, अगं, कुठे? तिने सांगितलं. ते म्हणाले, सारंगला विचारलंस का? ती चपला घालत म्हणाली, तुमच्या मुलाला विचारून मी राग धरत नसते. खाली उतरली, एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसली, आणि शिकवणी भरली होती तिथे जाऊन दारात उभी राहिली. मासेवालीसमोर उभी राहते तशी.

मिश्रा मॅडम चटकन उठल्या, नमस्ते आंटीजी म्हणाल्या, खुर्ची दिली. सुलेखा बसली नाही. मैत्रेयी शेवटून दुसऱ्या बाकावर होती. आजी दिसताच तिने पुस्तक तोंडासमोर धरलं.

सुलेखाने वाटेत हिंदी जुळवून ठेवली होती. ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "आपने मेरी नात को शिक्षा क्यों दिया?"

आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मॅडम क्षणभर गोंधळल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, "आंटीजी, शिक्षा देना तो हमारा काम है।"

सुलेखाने ऐकलं ते असं, की शिक्षा करणं हेच आमचं काम. ती म्हणाली, गुन्हा नसताना शिक्षा? तीही सगळ्यांच्या समोर? मॅडमना वाटलं, या बाईंना मुलींनी शिकलेलं चालत नाही. त्या समजावू लागल्या की आजकाल लडकियों के लिए शिक्षा फार जरूरी आहे. मुली म्हणून मुद्दाम शिक्षा करता, हे ऐकून सुलेखाचा तोल सुटला. "मेरे को बहुत राग आया है," ती म्हणाली.

हिंदीत राग असतो तो गाण्यातला. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सिंग लाह, आंटी."

वर्ग फुटला. बाकं हापटली. मॅडमनी पोरांना गप्प बसायला सांगितलं, पण त्यांच्याही ओठांच्या कडा हलत होत्या. आणि आमच्या गावची लेक, जी साऱ्या पाराला पुरून उरली होती, ती त्या थंडगार खोलीत इरकलीचा पदर मुठीत आवळून उभी राहिली. आपण काय चुकीचं बोललो तेच तिला कळत नव्हतं. माणसाला हसावं, पण का हसलो ते त्याला कळू देऊ नये, याहून मोठा अपमान मला ठाऊक नाही.

तेवढ्यात पुस्तक खाली आलं. मैत्रेयी उठून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"राग मतलब गुस्सा," ती वर्गाला म्हणाली. "शिक्षा मतलब सजा. मेरी आजी को गुस्सा आया है. मुझे भी आया है." मग ती बाकांमधून चालत पुढे आली, आजीशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, तू मराठीत बोल. मी सांगते."

आणि सुलेखा बोलली. एक वाक्य तिने म्हणावं, थांबावं, पोरीने ते हिंदीत करावं, मग दुसरं. ती म्हणाली, तुमच्या भाषेत तो शब्द वेगळा असेल तर परीक्षेत तुमचाच लिहिला पाहिजे, हे मला मान्य आहे. शून्य हा तुमचा कायदा असेल तर शून्य द्या. पण पोरीला शब्द येत नव्हता म्हणून ती चुकली नाही. तिला तो आधीपासून येत होता म्हणून चुकली. असं चुकणाऱ्या लेकराला हसत नसतात. मैत्रेयी सगळं सांगत होती, आणि आजी जिथे जिथे अवकाश म्हणे तिथे तिथे, कुणी न सांगता, ती अंतरिक्ष म्हणत होती.

शेवटी सुलेखा म्हणाली, "सात माणसं जीव मुठीत धरून वर बसली आहेत. यानाला खोक पडली आहे. ती खाली येतील की नाही ठाऊक नाही. आणि तुम्ही त्यांना सुट्टीवर गेलेले म्हणून हसलात."

इथे पोरगी अडली. जीव मुठीत, हे हिंदीत कसं म्हणायचं? तिने नुसती मूठ आवळून पुढे धरली आणि मॅडमकडे बघितलं. मिश्रा मॅडमच्या ओठांवरचं हसू कधीच गेलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जान हथेली पर रखकर."

आपण जीव मुठीत धरतो, ते तळहातावर ठेवतात. मैत्रेयीने मूठ उघडली आणि वाक्य पुरं केलं.

मॅडमनी एवढंच सांगितलं की यापुढे कुणाचा निबंध हसण्यासाठी वाचणार नाही, आणि गुण मात्र बदलता येणार नाहीत. सुलेखा मान हलवून बाहेर पडली. घरी दीनानाथरावांना काय सांगायचं ते ती परतीच्या गाडीत मनात जुळवत होती. माफी हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, तरी तो काही मॅडमच्या तोंडातून आला नव्हता.

केंद्रातून क्षिप्राला फोन गेलाच. ती सासूवर संतापली, आणि तिचंही चूक म्हणता येणार नाही. न विचारता पोरीच्या शिकवणीत जाऊन उभं राहणं कुठल्या आईला चालेल? तिने फोनवर कोरड्या आवाजात सांगितलं की ठरलं ते ठरलं, परीक्षेपर्यंत मराठी नाही. सुलेखाने फोन ठेवून दिला. सोमवारी मैत्रेयी आली, बूट काढले आणि दारातूनच मराठीत विचारलं, आजी, त्या फरशीचं काय झालं? आजीने सांगितलं की दुरुस्त न करताच उतरायचं ठरलंय. मग दोघीही गप्प बसून राहिल्या, पण ते गप्प बसणं मराठीतलं होतं.

बुधवारी सकाळच्या बातम्यांत यान उतरलं. संध्याकाळी क्षिप्रा कामावरून थेट पोरीला न्यायला आली. ती बूट काढत होती, एवढ्यात मैत्रेयी आतून ओरडून म्हणाली की मम्मी, सगळे उतरले, सातही, आजीने साखर ठेवली. क्षिप्राने ते मराठी ऐकलं आणि सासूकडे बघितलं. सासूने नजर खाली केली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ती नुसती उभी राहिली.

दीनानाथराव नेहमीप्रमाणे मध्ये आले. त्यांनी सुनेला चहा दिला, खुर्ची ओढून दिली, आणि वारा वळवावा म्हणून विचारलं की पोरीची तयारी कुठवर आली. क्षिप्रा दमलेली होती. कपाळ दाबत ती म्हणाली, "होईल हो बाबा. लेखीला अजून अवकाश आहे."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. क्षिप्राला स्वतःला काही कळलं नव्हतं. तिच्याही आईने, आजीने, लग्नाला अवकाश आहे, जेवायला अवकाश आहे, असंच म्हणत तिला वाढवलं होतं.

मैत्रेयी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मम्मी, अंतरिक्ष म्हण. नाहीतर शून्य."

दीनानाथरावांना हसताना ठसका लागला. क्षिप्राने कप तोंडाशी धरला, पण कपाआड तिचे खांदे हलत होते ते काही लपलं नाही.

सुलेखा हसली नाही. ते शून्य अजून तिथेच होतं, आणि मराठीचा नियमही कुणी तोंडाने मागे घेतला नव्हता. तिने आत जाऊन ताटं काढली. एक नातीचं, एक सुनेचं. मग सुनेला ऐकू जाईल अशा बेताने, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, तिने मराठीत विचारलं, "मैत्रेयी, जेवून जाणार की तशाच जाणार?"

पोरीने आईकडे बघितलं. क्षिप्राने कप खाली ठेवला आणि हात धुवायला उठली.

"जेवून," मैत्रेयी म्हणाली.